कॅथलिक रुग्णालये, भारतातील

रोमन कॅथलिक धर्मसंघांनी व धर्मप्रांतांनी भारतात चालविलेली रुग्णालये, दवाखाने, कुष्ठधामे, परिचारिका-विद्यालये व वैद्यकीय महाविद्यालये यांची परस्परांशी संलग्न अशी एक व्यवस्था विसाव्या शतकात उभी राहिली. शासकीय यंत्रणेबाहेरील देशातील सर्वांत मोठ्या आरोग्यव्यवस्थांत तिची गणना होते. भारतीय कॅथलिक आरोग्यसंघाशी साडेतीन हजारांहून अधिक संस्था संलग्न असून त्यांतील बहुसंख्य म्हणजे मोजक्या धर्मभगिनींनी चालविलेली खेड्यापाड्यांतील लहान आरोग्यकेंद्रे होत. मोठी रुग्णालये त्यामानाने थोडी आहेत. हा विस्तार एखाद्या केंद्रीय योजनेतून झालेला नाही. किंबहुना ज्या चर्चच्या आश्रयाने तो घडून आला, त्याच चर्चच्या विधिसंहितेने १९३६ पर्यंत धर्मभगिनींना वैद्यकी व प्रसूतिसाहाय्य यांपासून दूर ठेवले होते, ही या इतिहासातील सर्वांत लक्षणीय बाब होय. हा निर्बंध दूर करविण्याच्या कामी भारतातील स्त्रियांची स्थिती निर्णायक ठरली आणि त्याचा परिणाम भारताबाहेरील मिशनकार्यावरही झाला.

पूर्वपीठिका : भारतातील यूरोपीय पद्धतीच्या रुग्णालयांचा आरंभ गोव्यात झाला. अफोंसो द अल्बुकर्क याने १५१० मध्ये गोवा जिंकल्यानंतर तेथे जे राजकीय रुग्णालय स्थापन झाले, त्याची व्यवस्था पुढे काही काळ जेझुइटांकडे होती. सतराव्या शतकाच्या आरंभी गोव्यात आलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल याने तेथील स्वच्छता, बिछाने व पथ्यपाणी यांची मुक्तकंठाने प्रशंसा केली आहे. मात्र हे रुग्णालय प्रामुख्याने पोर्तुगीज सैनिक व खलाशी यांच्यासाठी होते, हे त्या प्रशंसेच्या भरात विसरले जाते. मिझेरिकॉर्डिया या धर्मादाय बंधुसंघानेही गोव्यात रुग्णसेवा केली. १८४२ मध्ये पणजीस शासकीय वैद्यकीय विद्यालय सुरू झाले, त्यातूनच आजचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय विकसित झाले. गोव्यातील ही परंपरा आणि विसाव्या शतकातील रुग्णालयांची वाढ यांत थेट सातत्य मात्र दाखविता येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिणेत दोन महत्त्वाच्या संस्था निघाल्या. मंगळूरनजीक कांकनाडी येथे आउगुस्टुस म्यूलर या जर्मन जेझुइटाने १८८० मध्ये गरिबांसाठी होमिओपॅथिक औषधालय काढले. हा धर्मगुरू पदवीधर वैद्य नव्हता. अध्यापनासाठी आलेला असताना विद्यार्थ्यांस व आसपासच्या लोकांस तो औषधे देई. या औषधांची मागणी देशभरातून टपालाने येऊ लागली आणि विक्रीच्या उत्पन्नातून त्याने कुष्ठरोग्यांसाठी १८९० मध्ये आश्रयस्थान उभारले. प्लेगच्या साथीत तेथे प्लेगच्या रुग्णांचीही सोय करण्यात आली. परदेशी देणग्यांवर अवलंबून न राहता उत्पन्नाचे साधन निर्माण करून त्यावर सेवा चालविण्याचा हा प्रयोग त्या काळी असाधारणच म्हणावा लागेल. बंगलोर येथे ‘गुड शेफर्ड’ धर्मसंघाच्या भगिनींनी १८८६ मध्ये सेंट मार्था रुग्णालय सुरू केले. तेथे भगिनींकडे शुश्रूषा व व्यवस्थापन असे. चिकित्सा धर्मसंघाबाहेरील डॉक्टर करीत. अन्यत्रही हीच विभागणी रूढ होती आणि तिचे कारण चर्चच्या विधिसंहितेत होते.

निर्बंधाचे स्वरूप : वैद्यकी व धर्मजीवन यांची फारकत मध्ययुगात झाली. ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने मठवासीयांनी द्रव्यलाभासाठी वैद्यक शिकण्यास विरोध केला, तर १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वरिष्ठ दीक्षा घेतलेल्या धर्माधिकाऱ्यांना छेदन व दाहकर्म यांचा समावेश असलेली शस्त्रक्रिया करण्यास मनाई केली. रक्तपात वा रुग्णाचा मृत्यू घडल्यास धर्माधिकाऱ्याच्या पावित्र्यास बाध येतो, अशी त्यामागील धारणा होती. १९१७ च्या विधिसंहितेतही पोपच्या खास अनुज्ञेवाचून धर्माधिकाऱ्यांनी वैद्यकी करू नये, असे कलम होते व ते धर्मसंघीयांनाही लागू होते. भगिनींच्या बाबतीत ब्रह्मचर्यव्रताचा व मर्यादेचा प्रश्न पुढे करून प्रसूतिगृहातील काम विशेषच निषिद्ध मानले जाई. परिणामी जखमा बांधणे, औषध देणे, मरणासन्नाजवळ बसणे ही कामे भगिनी करीत. परंतु अडलेल्या बाळंतिणीस सोडविणे त्यांच्या कक्षेबाहेर राहिले.

यूरोपात या निर्बंधाची झळ फारशी जाणवत नव्हती, कारण तेथे अन्य डॉक्टर उपलब्ध होते. उत्तर हिंदुस्थानात परिस्थिती निराळी होती. पडद्यातील स्त्रिया परपुरुषास नाडीही दाखवीत नसत आणि बाळंतपणे अप्रशिक्षित सुइणींच्या हातून होत. ही उणीव प्रॉटेस्टंट मिशनांनी फार लवकर ओळखली होती. क्लॅरा स्वेन ही अमेरिकन स्त्री डॉक्टर १८७० मध्येच बरेलीस आली. एडिथ ब्राउन यांनी १८९४ मध्ये लुधियाना येथे स्त्रियांसाठी वैद्यकीय विद्यालय काढले आणि आयडा स्कडर यांच्या वेल्लोर येथील कार्यातून पुढे विख्यात महाविद्यालय उभे राहिले. महाराष्ट्रात विल्यम वॉनलेस यांनी मिरजेस नावारूपास आणलेले रुग्णालयही प्रेसबिटेरियन मिशनचेच. शासनाच्या पाठिंब्याने १८८५ मध्ये स्थापन झालेल्या डफरिन निधीनेही स्त्रियांसाठी रुग्णालये काढण्यास साहाय्य केले. या सर्व हालचालीत कॅथलिकांचा वाटा नगण्य होता. याचे कारण साधनांचा अभाव हे नसून विधिसंहितेतील मनाई हे होते.

ॲग्नेस मॅक्लॅरेन : या कोंडीस तोंड फोडण्याचे श्रेय ॲग्नेस मॅक्लॅरेन (१८३७–१९१३) या स्कॉटिश विदुषीस द्यावे लागेल. एडिंबरोचे संसदसदस्य डंकन मॅक्लॅरेन यांच्या त्या कन्या. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत त्या तरुणपणापासून होत्या. ब्रिटनमध्ये स्त्रियांना वैद्यकीय शिक्षणाची द्वारे बंद असल्याने त्यांनी फ्रान्समधील माँपेल्ये विद्यापीठातून १८७८ मध्ये पदवी मिळविली. साठी उलटल्यावर त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला आणि त्यानंतर पंजाबातील मिशनऱ्यांकडून तेथील स्त्रियांची स्थिती त्यांच्या कानी आली. लंडनमध्ये समिती स्थापून त्यांनी निधी जमविला व त्यातून रावळपिंडी येथे स्त्रिया व मुले यांच्यासाठी सेंट कॅथरीन रुग्णालय निघाले. वयाच्या सत्तरीनंतर त्या स्वतः रावळपिंडीस जाऊन आल्या.

रुग्णालय उभे राहिले. पण त्यात टिकून राहील अशी स्त्री डॉक्टर मिळेना. वेतनावर आलेली डॉक्टर काही काळाने निघून जाई. आजन्म व्रत घेतलेल्या भगिनीच डॉक्टर झाल्या तर हा प्रश्न सुटेल, हे मॅक्लॅरेन यांच्या ध्यानात आले व त्या मागणीसाठी त्यांनी रोमच्या अनेक वाऱ्या केल्या. त्यांच्या हयातीत तीस यश आले नाही. त्यांच्या प्रयत्नांची फलश्रुती दोन तरुणींच्या रूपाने झाली. त्या दोघींची मॅक्लॅरेन यांच्याशी कधीही भेट झाली नव्हती. एकीचा पत्रव्यवहार होता, तर दुसरीने त्यांच्याविषयीची एक पुस्तिका वाचली होती.

ॲना डेंगेल व १९३६ चा आदेश : यांपैकी पहिली ॲना डेंगेल (१८९२–१९८०). ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातील श्टेग या गावी त्यांचा जन्म झाला. हिंदुस्थानात वैद्यकी करावयाची तर ब्रिटिश पदवी हवी, या मॅक्लॅरेन यांच्या सल्ल्यानुसार त्यांनी आयर्लंडमधील कॉर्क येथे शिक्षण घेऊन १९१९ मध्ये पदवी संपादन केली आणि १९२० मध्ये रावळपिंडीचे सेंट कॅथरीन रुग्णालय हाती घेतले. सुमारे चार वर्षे त्यांनी तेथे काम केले. एकट्या डॉक्टरने कितीही कष्ट केले तरी बाहेरची रांग तेवढीच राहते, असा अनुभव घेऊन त्या परतल्या. धर्मसंघात जावे तर वैद्यकी सोडावी लागणार आणि वैद्यकी करावी तर धर्मसंघाबाहेर राहावे लागणार, हा पेच त्यांच्यापुढे होता.

अमेरिकेत मायकेल मॅथिस या धर्मगुरूच्या साहाय्याने त्यांनी यातून वाट काढली. ३० सप्टेंबर १९२५ रोजी वॉशिंग्टन येथे डेंगेल, जोहाना लायन्स ही डॉक्टर आणि एव्हलिन फ्लीगर व मेरी अल्ब्रिच या परिचारिका अशा चौघींनी ‘मेडिकल मिशन सिस्टर्स’ या नावाने पुढे प्रसिद्धी पावलेला संघ स्थापन केला. तो विधिदृष्ट्या धर्मसंघ नव्हता. सदस्या एकत्र राहत, नियम पाळीत, पण सार्वजनिक व्रते घेत नसत; त्यामुळे संहितेतील मनाई त्यांना लागू होत नव्हती. ही योजना तात्पुरती होती, परंतु अकरा वर्षे ती टिकली व तेवढ्या अवधीत भगिनींनी केलेल्या वैद्यकीय कामाचे प्रत्यक्ष उदाहरण रोमपुढे आले. ११ फेब्रुवारी १९३६ रोजी धर्मप्रसार मंडळाने ‘कॉन्स्टान्स आक सेदुला’ हा आदेश काढला. माता व अर्भके यांच्या रक्षणासाठी मिशनक्षेत्रातील भगिनींनी वैद्यक, शुश्रूषा व प्रसूतिविद्या यांचे पदवीपर्यंत शिक्षण घ्यावे व त्यासाठी नवे संघ स्थापावेत, असे त्यात सुचविले होते. निषेधाची जागा अशा रीतीने प्रोत्साहनाने घेतली.

या संघाने रावळपिंडी येथे होली फॅमिली रुग्णालय उभारले व पुढे पाटणा, रांचीजवळील मांडर, दिल्ली इ. ठिकाणी त्याच नावाची रुग्णालये चालविली. पाटण्याचे रुग्णालय आरंभी जुन्या शहरात होते, १९५८ मध्ये ते कुर्जी येथे हलविण्यात आले. लोरेटो संघातून बाहेर पडलेल्या मदर तेरेसा यांनी १९४८ मध्ये कलकत्त्याच्या वस्त्यांत जाण्यापूर्वी शुश्रूषेचे प्राथमिक शिक्षण पाटण्याच्या याच रुग्णालयात घेतले. केवळ मीठभातावर राहण्याचा त्यांचा बेत होता. अशाने भगिनीच क्षयाने आजारी पडतील, असे सांगून पाटण्याच्या डॉक्टर-भगिनींनी त्यांना पुरेशा आहाराचा आग्रह केला आणि तो त्यांनी मानला, असे चरित्रकार नमूद करतात. रावळपिंडीचे रुग्णालय फाळणीनंतर पाकिस्तानात गेले व १९७० नंतरच्या दशकात ते तेथील पंजाब प्रांताच्या शासनाकडे आले.

मेरी ग्लाउरी व संघटनेची स्थापना : दुसरी तरुणी मेरी ग्लाउरी (१८८७–१९५७). ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात जन्मलेल्या ग्लाउरी मेलबर्न विद्यापीठाच्या पदवीधर होत्या. १९१५ मध्ये मॅक्लॅरेन यांच्याविषयीची पुस्तिका वाचून त्यांनी हिंदुस्थानात जाण्याचे ठरविले. प्रसूतिविद्या, स्त्रीरोग व नेत्ररोग यांत उच्च पदवी मिळवून त्या फेब्रुवारी १९२० मध्ये आंध्रातील गुंटूर येथे पोहोचल्या व ‘जीझस, मेरी, जोसेफ’ या मूळच्या डच संघात सामील झाल्या. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी त्यांना वैद्यकीची विशेष अनुज्ञा दिली. अशा प्रकारे जगातील पहिली डॉक्टर-धर्मभगिनी म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. सामान्य आदेश निघण्यापूर्वी सोळा वर्षे हा अपवाद करण्यात आला होता, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे रोमचे धोरण बाहेरून दिसते तेवढे एकजिनसी नव्हते असे दिसून येते.

गुंटूर येथील भगिनींच्या साध्या दवाखान्याचे ग्लाउरी यांनी सेंट जोसेफ रुग्णालयात रूपांतर केले. प्रारंभीची कित्येक वर्षे त्या तेथील एकमेव डॉक्टर होत्या. दिवसभर रुग्ण तपासून त्या सायंकाळी परिचारिका, सुइणी व औषधे तयार करणारे यांना शिकवीत. बैलगाडीने खेड्यांत जात. देशी औषधींचाही त्यांनी अभ्यास केला. एका रुग्णालयाने हा प्रश्न सुटणार नाही, याविषयी त्यांचे व डेंगेल यांचे निदान एकच होते. उपाय मात्र भिन्न होते. डेंगेल यांनी नवा धर्मसंघ काढला. ग्लाउरी यांनी अस्तित्वात असलेल्या, परंतु एकमेकींशी संबंध नसलेल्या संस्थांना एकत्र आणण्याचे ठरविले.

अमेरिकेतील कॅथलिक रुग्णालयांची संघटना १९१५ मध्ये स्थापन झाली होती. भारतात तशाच स्वरूपाच्या संघटनेसाठी २९ जुलै १९४३ रोजी बंगलोर येथे सोळा भगिनी जमल्या व ग्लाउरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय कॅथलिक रुग्णालय संघाची स्थापना झाली. महायुद्धाचा तो काळ. औषधांची टंचाई व प्रवासाची अडचण असतानाही निरनिराळ्या संघांच्या भगिनी एका मंचावर आल्या. त्यांच्यासमोर दोन उद्दिष्टे होती : रुग्णालयांतील कामाचा व शुश्रूषा-शिक्षणाचा दर्जा उंचावणे आणि कॅथलिक वैद्यकीय महाविद्यालय स्थापन करणे. कर्करोगाने दीर्घकाळ आजारी असलेल्या ग्लाउरी यांचे ५ मे १९५७ रोजी बंगलोर येथे निधन झाले. त्यांना संतपद देण्याच्या प्रक्रियेतील पहिली पायरी म्हणून २०१३ मध्ये त्यांना ‘ईश्वरसेविका’ घोषित करण्यात आले.

स्वातंत्र्योत्तर विस्तार : १९४७ नंतरची तीन दशके वेगवान वाढीची होती. शासनाची प्राथमिक आरोग्यकेंद्रे दुर्गम भागांत पोहोचण्यापूर्वीच छोटा नागपूर, ओरिसा व मध्य प्रदेश येथील आदिवासी मुलखांत भगिनींचे दवाखाने निघाले. परदेशी संघांबरोबरच भारतीय संघही पुढे आले. केरळमधील जोसेफ पंजिकारन या धर्मगुरूने कोदमंगलम येथे धर्मगिरी रुग्णालय काढले व १९४४ मध्ये तेथेच केवळ वैद्यकीय सेवेसाठी भगिनींचा संघ स्थापन केला. केरळात एर्नाकुलमचे लिसी, त्रिचूरचे जुबिली मिशन, तिरुवल्लाचे पुष्पगिरी यांसारखी रुग्णालये स्थानिक धर्मप्रांतांनी वाढविली. १९५७ मध्ये जेम्स टाँग हे जेझुइट संघाचे पूर्णवेळ संचालक झाले. त्यांच्या कारकीर्दीत संघाने औषधखरेदी, लेखापद्धती व रुग्णालय-प्रशासन यांविषयी सदस्य-संस्थांना मार्गदर्शन सुरू केले. पंथनिरपेक्ष अशा भारतीय स्वेच्छा आरोग्य संघटनेची १९७० च्या सुमारास जी उभारणी झाली, तीतही टाँग यांचाच पुढाकार होता.

परिचारिकांचे शिक्षण ही या व्यवस्थेची कदाचित सर्वांत दूरगामी निष्पत्ती होय. परक्याच्या शरीरास स्पर्श, रक्त व मलमूत्र यांच्याशी संबंध आणि रात्रपाळी यांमुळे शुश्रूषेचा व्यवसाय उच्चवर्णीय हिंदू व प्रतिष्ठित मुसलमान कुटुंबांत दीर्घकाळ हीन समजला जाई. केरळातील ख्रिस्ती मुलींनी तो पत्करला. भगिनींच्या विद्यालयांतून शिकलेल्या परिचारिका मुंबई-दिल्लीच्या शासकीय व खाजगी रुग्णालयांत गेल्या. १९६० नंतर चर्चच्या मध्यस्थीने काही पश्चिम जर्मनीत आणि पुढे मोठ्या संख्येने आखाती देशांत गेल्या. महाराष्ट्रातील शहरी रुग्णालयांत मल्याळी ‘सिस्टर’ ही व्यक्ती इतकी परिचित झाली की, हे संबोधन मूळचे धर्मसंघातील आहे याचाही विसर पडला.

ग्लाउरी यांनी कल्पिलेले महाविद्यालय त्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १९६३ मध्ये, बंगलोर येथे सेंट जॉन वैद्यकीय महाविद्यालय या नावाने भारतीय बिशप परिषदेच्या विद्यमाने सुरू झाले. त्याचे रुग्णालय १९७५ मध्ये कार्यान्वित झाले. वैद्यकीय नीतिशास्त्राचे नियमित अध्यापन आणि पदवीनंतर काही काळ ग्रामीण रुग्णालयात सेवा करण्याचे बंधन ही त्याची वैशिष्ट्ये. भगिनींसाठी तेथे जागा असल्याने डॉक्टर-भगिनींची पहिली मोठी भारतीय पिढी येथूनच निर्माण झाली. कांकनाडी येथे १९९९ मध्ये आणि त्रिचूर (अमला व जुबिली मिशन) व तिरुवल्ला येथे त्यानंतरच्या काही वर्षांत वैद्यकीय महाविद्यालये निघाली. अल्पसंख्याकांना संविधानाच्या ३० व्या अनुच्छेदान्वये शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क असला, तरी प्रवेशासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा त्यांनाही बंधनकारक असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला.

वाद व मतभेद : रुग्णसेवा व धर्मांतर यांच्या संबंधाचा प्रश्न आरंभापासून उपस्थित होत आला आहे. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मध्य प्रदेश शासनाने १९५४ मध्ये नेमलेल्या समितीने आपल्या १९५६ च्या अहवालात मिशनच्या शाळा व रुग्णालये यांचा धर्मांतरासाठी वापर होत असल्याचे मत मांडले आणि वैद्यकीय सेवेचा असा वापर कायद्याने थांबवावा, अशी शिफारस केली. चर्चने हे निष्कर्ष एकांगी म्हणून अमान्य केले. या संस्थांतील बहुसंख्य रुग्ण ख्रिस्तीतर आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ख्रिस्ती लोकसंख्या सु. २·३ टक्के आहे, एवढे लक्षात घेता मोठ्या शहरांतील रुग्णालयांना तरी हा आरोप लावणे कठीण आहे. आदिवासी भागांत दवाखाना, शाळा व प्रार्थनामंदिर एकाच आवारात वाढले असल्याने तेथे हे संबंध अधिक गुंतागुंतीचे आहेत.

दुसरा वाद कुटुंबनियोजनाचा. शासनाने १९५२ मध्ये कुटुंबनियोजन कार्यक्रम हाती घेतला; पोप सहावे पॉल यांनी १९६८ मधील परिपत्रकात कृत्रिम संततिनियमन अमान्य ठरविले; १९७१ मध्ये भारतात वैद्यकीय गर्भपातास कायद्याने मर्यादित मान्यता मिळाली. कॅथलिक रुग्णालये गर्भपात व नसबंदी करीत नाहीत आणि नैसर्गिक पद्धतींचाच प्रसार करतात. शहरात रुग्णास अन्य पर्याय असतो. जेथे पंचक्रोशीत भगिनींचेच एक रुग्णालय आहे, तेथे बाळंतपणानंतर शस्त्रक्रिया करून घेऊ इच्छिणाऱ्या स्त्रीस पुन्हा दूरवर जावे लागते, हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. गर्भलिंगचिकित्सा व स्त्रीभ्रूणहत्या यांच्या विरोधाच्या बाबतीत मात्र या संस्थांची व शासनाची भूमिका एकच राहिली.

तिसरा वाद व्यवस्थेच्या आतूनच उद्भवला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) व विशेषतः १९७८ च्या आल्मा-आता येथील प्राथमिक आरोग्यविषयक जागतिक परिषदेनंतर मोठी रुग्णालये बांधण्याच्या धोरणाविषयीच शंका घेण्यात येऊ लागल्या. अतिसार, क्षय व कुपोषण यांचे मूळ दारिद्र्यात असताना खाटा वाढवून काय साधणार, असा प्रश्न तरुण डॉक्टर-भगिनी विचारू लागल्या. १९८३ मध्ये संघाने सामूहिक आरोग्याचे तत्त्व स्वीकारले. आरोग्य ही द्यावयाची वस्तू नसून लोकांनी संघटितपणे सांभाळावयाचा व मागावयाचा हक्क आहे, असा त्याचा आशय होता. संघाच्या नावातील ‘रुग्णालय’ हा शब्द जाऊन पुढे ‘आरोग्य’ हा शब्द आला. मेडिकल मिशन सिस्टर्सनी आपली अनेक रुग्णालये क्रमशः अन्य संघांकडे वा धर्मप्रांतांकडे सोपविली व त्यांच्यापैकी काही भगिनी वस्त्यांतील कामाकडे वळल्या. तथापि मोठी रुग्णालये बंद पडली नाहीत. ठराव सामूहिक आरोग्याचा झाला, तरी इमारती व यंत्रसामग्री यांवरील खर्च वाढतच राहिला. धोरण व व्यवहार यांतील हे अंतर अद्याप बुजलेले नाही.

अर्थव्यवहार : या रुग्णालयांच्या स्वस्ताईचे मूळ भगिनींच्या श्रमात होते. व्रतस्थ भगिनी स्वतःसाठी वेतन घेत नसत. डॉक्टर, अधिपरिचारिका, औषधनिर्माती व व्यवस्थापिका या जागा त्याच भरून काढीत. हिशेबाच्या वहीत न दिसणारे हे अनुदान कोणत्याही परदेशी देणगीपेक्षा अधिक होते, असे म्हणण्यास हरकत नाही. इमारतींसाठी १९५८ मध्ये स्थापन झालेल्या ‘मिझेरिओर’ या जर्मन संस्थेसारख्या संस्थांचे साहाय्य मिळे. भगिनींची संख्या घटू लागल्यावर त्यांच्या जागी पगारी कर्मचारी आले आणि जुने शुल्क परवडेनासे झाले. काही रुग्णालयांनी सधन रुग्णांकडून अधिक शुल्क घेऊन त्यातून गरिबांचा खर्च भागविण्याचा मार्ग पत्करला. परिणामी त्यांतील वातावरण खाजगी रुग्णालयांसारखे होत गेल्याची टीका झाली. सेवावृत्तीच्या नावाखाली परिचारिकांना अल्प वेतन देण्याची प्रथाही फार काळ चालू होती. २०११–१२ मध्ये केरळातील परिचारिकांनी केलेल्या आंदोलनांत चर्चच्या रुग्णालयांतील परिचारिकाही होत्या. केरळ शासनाने २०१८ मध्ये खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांसाठी किमान मूळ वेतन दरमहा २०,००० रुपये ठरविले. परदेशी देणग्यांवरील नियंत्रण १९७६ च्या कायद्याने सुरू झाले व २०१० आणि २०२० मधील तरतुदींनी ते अधिक कडक झाले. याचा भार मोठ्या रुग्णालयांपेक्षा खेड्यांतील लहान केंद्रांवर अधिक पडला.

महाराष्ट्रातील कार्य : महाराष्ट्रात कॅथलिक वस्ती मुख्यत्वे मुंबई, साष्टी व वसई या भागांत असल्याने मोठी रुग्णालयेही तेथेच आढळतात. वांद्रे येथील होली फॅमिली, अंधेरी येथील होली स्पिरिट (१९६७) व वसईजवळ संडोर येथील कार्डिनल ग्रेशियस स्मारक रुग्णालय ही त्यांतील विशेष परिचित होत. कुष्ठसेवेच्या संदर्भात आना हुबेर्टा रोगेनडॉर्फ या जर्मन भगिनीने १९४२ मध्ये अंधेरी येथे स्थापिलेल्या ‘हेल्पर्स ऑफ मेरी’ या संघाचा निर्देश केला पाहिजे. वर्सोवा येथील विमला केंद्रात या संघाने कुष्ठरोग्यांवरील उपचार व त्यांच्या मुलांचे संगोपन केले. मुंबईबाहेर महाराष्ट्रात प्रॉटेस्टंट मिशनांच्या मिरज, वाई, जालना यांसारख्या केंद्रांच्या तोडीची कॅथलिक रुग्णालये उभी राहिली नाहीत; अर्धशतक उशिरा झालेल्या प्रारंभाचा हा परिणाम असावा.

एकविसाव्या शतकात या संस्थांच्या कामाचे स्वरूप पालटत आहे. एड्सग्रस्तांना अन्यत्र दारे बंद होती अशा काळात काही धर्मसंघांनी त्यांच्यासाठी शुश्रूषागृहे काढली. भारतीय बिशप परिषदेने २००५ मध्ये याविषयीचे धोरण जाहीर केले व कॅथलिक रुग्णालयांनी अशा रुग्णांस नाकारू नये, असे बजावले. असाध्य रुग्णांची वेदनाशामक सेवा, मनोविकारग्रस्तांची निगा व वृद्धसेवा यांकडे लहान केंद्रे वळू लागली आहेत. संघाचे मुख्य कार्यालय दिल्लीहून सिकंदराबाद येथे हलविण्यात आले असून डॉक्टर असलेल्या धर्मभगिनींचे स्वतंत्र मंडळही संघाच्या आश्रयाने कार्य करते. ज्यांना प्रसूतिगृहात पाऊल टाकण्याचीही मुभा नव्हती, त्या वर्गातील स्त्रिया आज स्त्रीरोगतज्ज्ञ व शल्यचिकित्सक म्हणून जिल्हा-तालुक्याच्या ठिकाणी काम करीत आहेत. नव्या भगिनींची संख्या मात्र केरळातही उतरणीस लागली असून, एका भगिनीच्या बदलीबरोबर बंद पडणाऱ्या खेड्यांतील दवाखान्यांचे पुढे काय करावयाचे, हा संघापुढील प्रमुख प्रश्न आहे.